फायरप्लेसच्या वरच्या भिंतीवर काय लावावं, आणि कसं? (गिरणारे, नाशिक)

गिरणारे_बंगला
नमस्कार मंडळी. गिरणाऱ्याच्या बंगल्यात हॉलमध्ये लाकडावर चालणारी विटांची फायरप्लेस आहे. तिच्यावरची भिंत मोकळी आहे आणि तिथे नेमकं काय शोभेल, काय टिकेल, यावर सल्ला हवा आहे. मापं अशी:

तोंड ३६ इंच रुंद, २८ इंच उंच. खालचा ओटा जमिनीपासून ४ इंच. तोंडाभोवती २० मिमीच्या काळ्या दगडाचं क्लॅडिंग. वर सागवानी फळी, ५ फूट लांब, ८ इंच खोल, तिचा माथा जमिनीपासून ५४ इंचांवर. फळीच्या वर प्लास्टर आणि रंग, छत १० फुटांवर.

डोक्यात असलेले पर्याय: पैठणीच्या पदराची ४२ × २८ इंचांची फ्रेम, ४ × ३ फुटांचा आरसा, कापडावरचं वारली चित्र, किंवा ५५ इंची टीव्ही.

ओळंबा
मापं दिलीत ते उत्तम. आधी आकाराचं बोलू, वस्तूचं नंतर.

फळीच्या लांबीच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश रुंदी डोळ्याला बरी वाटते. तुमची फळी ६० इंच, म्हणजे ४० ते ४५ इंच. त्याहून अरुंद वस्तू फळीवर हरवते, फळीइतकीच रुंद लावली तर भिंत जड दिसते. फळी आणि फ्रेमची खालची कड यांत ४ ते ६ इंच ठेवा. जास्त अंतर ठेवलं की फ्रेमचा फळीशी संबंध तुटतो आणि ती छताकडे निघाल्यासारखी दिसते.

एरवी चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर धरतात. तुमच्याकडे फळीच ५४ इंचांवर आहे. ५ इंच सोडून २८ इंचांची फ्रेम लावली तर मध्य ७३ इंचांवर जातो. म्हणून उभी वस्तू नकोच, आडवी आणि बुटकी घ्या. ३ फूट उंच आरसा याच कारणाने बाद करावा असं माझं मत.

काहीही ठरवण्याआधी वर्तमानपत्रं जोडून त्या मापाचा कागद कापा, मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि दोन दिवस राहू द्या. सोफ्यावर बसून बघा, दारातून बघा, रात्रीच्या दिव्यात बघा.

धुराडं
आकार नंतर, ओळंबादादा. आधी भिंत किती तापते ते बघायला हवं. त्यावरच वस्तू ठरते.

साधे डिजिटल थर्मामीटर तीन घ्या. फळीपासून ५, १५ आणि ३० इंचांवर, बरोबर मध्यरेषेवर टेपने चिकटवा. नेहमी पेटवता तेवढाच जाळ करा, तीन तास चालू ठेवा, दर अर्ध्या तासाला आकडे लिहा. आणि जाळ विझला की मोजणं थांबवू नका. वीट सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे भिंतीचा सर्वांत मोठा आकडा बऱ्याचदा निखारे मंदावल्यावर येतो. बहुतेकांची चाचणी इथेच फसते.

मी धरतो त्या मर्यादा: ३५ अंशांपर्यंत चित्र, कापड, लाकूड चालतं. ३५ ते ४५ मध्ये धातू, दगड, चिनीमाती, आरसा. ४५ च्या वर फक्त धातू आणि दगड, तेही धातूच्या खिळ्या-बोल्टांवर.

इन्फ्रारेड गनने मोजणार असाल तर साध्या रंगवलेल्या भिंतीवरच धरा. चकचकीत तांब्या-पितळेवर ती फार कमी आकडा दाखवते, आणि वस्तू थंड आहे असा भलताच समज होतो.

आणखी एक. फळीच्या वर काळपट सावली दिसते का? दिसत असेल तर सजावट थांबवा. त्याचा अर्थ धूर पूर्ण वर न जाता खोलीत येतोय. धुराड्याच्या नळीचं आतलं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण एक-दशांश लागतं (गोल नळी असेल तर एक-बारांश). तुमचं तोंड ३६ × २८ म्हणजे १००८ चौरस इंच, तेव्हा चौकोनी नळी किमान १० × १० इंच हवी. कमी असेल तर तोंडाच्या वरच्या कडेला ३-४ इंचांची धातूची पट्टी लावून तोंड बुटकं करणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

गिरणारे_बंगला
काळपटपणा नाही. नळी १० × १० आहे. तापमान या शनिवारी मोजतो. सागवानी फळी जाळाच्या फार जवळ आहे का, हाही प्रश्न आहेच.

धुराडं
तोंडाचा माथा जमिनीपासून ३२ इंचांवर आणि फळीची खालची बाजू साधारण ५२ वर, म्हणजे २० इंच मोकळे. पुरेसे आहेत. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड अजिबात चालत नाही, आणि ६ ते १२ इंचांत ते भिंतीपासून, दर इंच अंतरामागे, एक-अष्टमांश इंचाहून जास्त पुढे येऊ देत नाहीत. म्हणजे ८ इंचांवरची लाकडी पट्टी फार तर १ इंच पुढे. तुम्ही या पट्ट्याच्या बाहेर आहात. उलट ती ८ इंच खोल फळीच तुमच्या वरच्या भिंतीला वाचवते, गरम हवेचा लोट ती पुढे ढकलते.

सातपूरची_वायर
टीव्हीचं एका ओळीत सांगते: नको. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश असते. शिवाय ५५ इंची टीव्ही साधारण २८ इंच उंच, त्याचा मध्य ७३ इंचांवर, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे ४० ते ४२ इंचांवर. दोन तास मान वर करून कुणीही बसू नये. बाजूच्या भिंतीवर लावा.

धागादोरा
पैठणीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे: ती तिथे लावू नका.

रेशमाला उष्णतेपेक्षा कोरडं-दमट, कोरडं-दमट हे चक्र जास्त मारतं. जाळ पेटला की फ्रेमच्या आतली हवा सुकते, विझला की पुन्हा ओलावा घेते. धागा दर वेळी आकसतो आणि सैल होतो. जरीचा तार रेशमासारखा आकसत नाही, म्हणून नारळी काठाजवळ बारीक चुण्या पडायला लागतात. धुरातले वायू थोडे जरी आत गेले तरी जरीचा तार काळवंडतो, तांब्यावर मुलामा दिलेला असेल तर लवकरच.

समोरच्या भिंतीवर, थेट ऊन येत नाही तिथे लावा. फ्रेम करताना या गोष्टी फ्रेमवाल्याकडून करवून घ्याच:
पदर गोंदाने किंवा दुहेरी टेपने चिकटवायचा नाही. धुतलेलं, खळ काढलेलं पांढरं सुती कापड बोर्डावर ताणायचं आणि त्यावर पदर रेशमी धाग्याने टाके घालून धरायचा. टाके विणीच्या मधून, धागा फोडून नाही. वरच्या कडेला अर्ध्या-पाऊण इंचावर एक टाका, खाली जरा विरळ.
बोर्ड आम्लरहित हवा. साधा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडतो आणि तोच पिवळेपणा कापडात उतरतो.
काच कापडाला टेकता कामा नये. मध्ये ५-६ मिमीची पट्टी. टेकली की पावसाळ्यात आतून दमटपणा धरतो आणि बुरशीचे ठिपके येतात.

वारली कापडाचंही तेच. गेरू-शेणाचा थर आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग उष्णतेने सुकून खपल्या धरतो.

ओळंबा
धागादोराताईंचं पटतं. फक्त फ्रेम कुठेही लावा, वजनाचा हिशेब करून लावा. ४२ × २८ इंच म्हणजे सुमारे पाऊण चौरस मीटर. ४ मिमी काच दर चौरस मीटरला १० किलो, म्हणजे नुसती काच साडेसात किलो. चौकट-बोर्ड धरून ११ किलो. ३ मिमी ॲक्रिलिक घेतलं तर तेच पावणेतीन किलो, एकूण ६ च्या आसपास. पण ॲक्रिलिक उष्णतेने वाढतं, मीटरला ३० अंशांमागे साधारण २ मिमी, म्हणून चौकटीत ३ मिमी ढिलाई ठेवायला सांगा. घट्ट बसवलं की फुगून पुढे येतं.

पाथर्डी_फाटा
एक प्रश्न मध्येच घुसवतो. फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिक फायरप्लेस असेल तर हेच नियम का? आणि भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) आहे.

सातपूरची_वायर
इलेक्ट्रिकमध्ये गरम हवा कुठून बाहेर येते ते आधी बघा. खालून येत असेल तर वरच्या भिंतीला फारसं काही होत नाही. वरच्या जाळीतून येत असेल तर भिंतीची वर सांगितलेली चाचणी कराच. नुसता ज्वाळेचा दिवा लावलात, हीटर बंद, तर काहीही टांगा.

वायरिंगमध्ये तडजोड नको. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर ओढतो. १६ अँपिअरचं सॉकेट, त्याची वेगळी लाइन, ४ चौ.मिमी तांब्याची वायर. ६ अँपिअरच्या सॉकेटवर कन्व्हर्टर पिन लावून चालवलं की सॉकेट आतून वितळतं. आणि लाइन भिंतीत कुठून गेली आहे याचा फोटो काढून ठेवा, वर ड्रिल मारताना तोच उपयोगी पडतो.

एएसीला: ड्रिलचं हॅमर बंद, फक्त फिरतं ठेवा. साधी गिट्टी (स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग) त्यात फिरत राहते. एएसीसाठीच्या जाड आट्यांच्या गिट्ट्या मिळतात, त्या घ्या, आणि ८-१० किलोंच्या वर गेलात तर चार ठिकाणी धरा.

धुराडं
बायो-इथेनॉलचे बर्नर हल्ली बरेच घेतात, त्यांच्यासाठीही लिहून ठेवतो. धुराडं लागत नाही म्हणून ते सोपे वाटतात. पण १ लिटर इथेनॉल जळलं की ९०० ग्रॅमहून जास्त पाणी वाफेच्या रूपात खोलीतच येतं, आणि बरीचशी उष्णता सरळ वर जाते. बंद खिडक्यांत थंडीच्या रात्री ती वाफ आरशावर आणि फ्रेमच्या काचेवर बसते. खिडकी थोडी उघडी ठेवायचीच. पेटत्या किंवा गरम बर्नरमध्ये इंधन ओतायचं नाही, ज्योत दिवसाउजेडी नीट दिसत नाही.

गिरणारे_बंगला
मोजलं. तीन तास जाळ, नंतर दोन तास. सर्वांत मोठे आकडे: ५ इंचांवर ४३, १५ इंचांवर ३९, ३० इंचांवर ३४. आणि धुराडंजी म्हणाले तसंच, ४३ हा आकडा जाळ विझल्यावर पाऊण तासाने आला.

म्हणजे कापड बाद. आरसा किंवा धातू उरले. आरसा चालेल ना?

ओळंबा
उष्णतेपुरता चालेल, उंचीबद्दलचं माझं मत तेच. पण आधी समोर काय आहे ते बघा. फळीवरच्या उंचीला आरसा लावला की त्यात बहुधा छताचा पंखा आणि ट्यूबलाइट दिसतात. आरशाच्या जागी पुठ्ठा धरा, सोफ्यावरून त्याच्याकडे जाणारी नजर तितक्याच कोनात परतवून बघा, कुठे पोचते.

४ × ३ फुटांचा ५ मिमी आरसा सुमारे १४ किलो, चौकट वेगळी. मागे पारा खराब होऊ नये म्हणून कडा सील केलेल्या हव्यात. भिंतीला चिकटवायचाच असेल तर न्यूट्रल सिलिकॉन, व्हिनेगरसारखा वास येणारं नाही. ते मागचा थर खातं.

तांबट_आळी
४३ अंश आकडा बघितल्यावर मला दुसरं काही सुचत नाही: तांबं-पितळ लावा. नाशिकला भांडी बाजार आहे, परात, ताटं, ठोक्याचं मठारकाम केलेली थाळी, सगळं मिळतं. जाळाच्या उजेडात मठारलेल्या तांब्यावर प्रत्येक ठोका वेगळा चमकतो. थाळीच्या मध्यापासून कडेपर्यंत ठोके गोल रांगांत जातात, आणि ज्योत हलली की ती चमक रांगेरांगेने फिरते. सपाट पॉलिशच्या पत्र्यात हे होत नाही, तो नुसता आरशासारखा भगभगतो.

मांडणी: मध्ये २० इंची थाळी, दोन्ही बाजूंना १० इंची, मध्ये अडीच-अडीच इंच. १० + २.५ + २० + २.५ + १० = ४५ इंच. ओळंबादादांच्या हिशेबात बरोबर बसतं. १ मिमी पत्र्यात मोठी थाळी पावणेदोन-दोन किलो, छोटी प्रत्येकी अर्धा किलो. कडा वळवलेल्या असल्याने थोडं जास्त धरा.

तारेचे स्प्रिंगवाले प्लेट-हँगर वापरू नका. समोरून चार आकडे दिसतात आणि कडेला चरे पडतात. मागून कडी झाळून (डाख देऊन) घ्या.

धुराडं
धातू अगदी योग्य. पण मधली थाळी मध्यरेषेवर, म्हणजे खिळा बरोबर नळीवर! फळीच्या वर काही अंतरापर्यंत आत धूरकोठी निमुळती होत जाते आणि मग नळी. पुढची भिंत अर्ध्या विटेची, साडेचार इंच. तिथे खोल भोक पडलं तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत यायला वाट मिळते. शिवाय सर्वांत गरम जागाही तीच. मध्यरेषेपासून दोन्हीकडे १२ इंच सोडून द्या.

ओळंबा
मग एक आडवी लोखंडी पट्टी घालू या. २५ × ५ मिमी, ३८ इंच लांब, वजन साधारण १ किलो. मध्यापासून १५-१५ इंचांवर दोन भोकं, तिथे बोल्ट. नळी सुटते. थाळ्या पट्टीला टांगायच्या.

तांबट_आळी, कड्या तिन्ही थाळ्यांना मध्यबिंदूच्या ३ इंच वर झाळाव्यात: मोठीला वरच्या कडेपासून ७ इंच खाली, छोट्यांना २ इंच खाली. म्हणजे एकाच पट्टीवर तिघींचे मध्य एका रेषेत येतात, आणि बोल्टची टोकं छोट्या थाळ्यांमागे झाकली जातात. पट्टी फक्त दोन फटींत दिसेल, ती भिंतीच्याच रंगाने रंगवा.

उंची: मोठ्या थाळीची खालची कड फळीपासून ५ इंच, मध्य १५ इंच, म्हणजे पट्टीची रेषा फळीच्या माथ्यापासून १८ इंचांवर.

ही १८ इंचं फळीपासून मोजा, आधी स्पिरिट लेव्हलने फळी बघून घ्या. फळी पाव इंच कललेली असेल आणि पट्टी काटेकोर लेव्हलमध्ये लावली, तर नजरेला पट्टीच वाकडी वाटते. फरक जास्त असेल तर फळीच सरळ करून घ्यावी.

भोक: ८ मिमी कार्बाइड बिट. प्लास्टर १५ मिमी आणि विटेत ४५, एकूण ६० मिमी. बिटला त्या मापावर टेप गुंडाळा आणि टेपपाशी थांबा. भोकाखाली एक पाकीट उघडं करून चिकटवा, लाल भुकटी त्यात पडते, फळीवर नाही. बाहेर येणारी भुकटी करडी असेल तर तुम्ही विटांमधल्या सांध्यात आहात. दोन्ही भोकं इंचभर वर किंवा खाली घ्या. जुन्या चुन्याच्या सांध्यात काही धरत नाही. तिथे गेलेलं भोक मोठं करत बसू नका, भरून टाका. पट्टीला भोकं पाडताना ती उभट, अर्धा इंच लांबट ठेवा, म्हणजे उरलेली थोडी सरकासरक पचते.

इथे प्लास्टिक गिट्टी न घालता ६ मिमीचे धातूचे स्लीव्ह अँकर (आवळल्यावर भोकात फुगून धरणारे बोल्ट) घ्या, पण बेताने आवळा. विटेत जोराने आवळले की वीट फुलते आणि प्लास्टर गोल चकतीसारखं सुटतं.

पैठणीच्या फ्रेमबद्दलही इथेच: मागे तार बांधून एका खिळ्यावर नको. कड्या ३० इंच अंतरावर असतील आणि तार मध्ये फक्त ३ इंच वर चढत असेल, तर ११ किलोच्या फ्रेमला तारेच्या प्रत्येक बाजूवर २८ किलोंचा ताण येतो. चौकटीचे कोपरे त्यानेच उघडतात. दोन कड्या, दोन हुक, प्रत्येकावर साडेपाच किलो.

गोदाकाठ
मंडळी, सगळे जाळाचं बोलताय. नाशिकला जाळ पेटतो दोन-अडीच महिने, पाऊस असतो चार महिने, आणि गिरणाऱ्याकडे तो शहरापेक्षा जास्त. धुराड्यावर टोपी आहे का? नसेल तर पाणी नळीतून उतरतं, वीट ते पिते, आणि ऑगस्टमध्ये फळीच्या वरच लोणा (पांढरे क्षार) फुटतो. टोपीच्या बाजू ६-८ इंच उघड्या, चिमण्या-पारव्यांसाठी जाळी, आणि स्लॅबला धुराडं मिळतं तिथे गोला (कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर भराव) मारून वॉटरप्रूफिंग.

ओल तपासायची तर फूटभर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते, बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली हवा दमट आहे. भिंतीत ओल असताना बोल्ट लावू नका, आधी गळती बंद करा. आणि काहीही लावा, मागे १० मिमी जाड रबरी बुटकुळ्या (बंपर) चिकटवा, हवा खेळू द्या.

सातपूरची_वायर
सणावारी फळीवर दसऱ्याचं तोरण, आकाशकंदिलाची कागदी झालर, दिव्यांची माळ लावायची पद्धत आहे. त्या दिवशी जाळ नको. दोन दिवसांत झेंडू सुकतो आणि तोंडासमोर लोंबणारं तोरण धुराड्याच्या ओढीने आत ओढलं जातं.

धागादोरा
आणि कुणाकडे आजोबांच्या काळची सांबराची शिंगं, कातडी असेल तर ती "फायरप्लेसवर शोभतात" म्हणून बाहेर काढू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मालकीचं प्रमाणपत्र नसताना ती बाळगणं गुन्हा आहे.

गिरणारे_बंगला
ठरलं. वर तांब्याच्या तीन थाळ्या लोखंडी पट्टीवर, समोरच्या भिंतीवर पैठणी दोन हुकांवर, ॲक्रिलिकमध्ये. टोपी आहे पण जाळी फाटली आहे, ती आधी बदलतो. तांबं काळं पडू नये म्हणून लॅकर मारून घेऊ का?

तांबट_आळी
नको. जाळावर लॅकर पिवळं पडतं, मग ते उतरवणं जिकिरीचं. उघडंच ठेवा. चिंच आणि मिठाने घासलंत तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, कडीच्या सांध्यातलं मीठसुद्धा, आणि कोरड्या फडक्याने पुसून तासभर उन्हात ठेवा. सांध्यात मीठ राहिलं की पावसाळ्यात तिथूनच हिरवं चढतं. आणि थाळ्या आतून कल्हई केलेल्या घेऊ नका, पांढरा थर पुढे आला की तांब्याचा रंग जातो. तांबट कडी झाळून देतो तेव्हा थाळी त्याच्यासमोर एका बोटावर टांगून बघा. कडी मध्यरेषेवर नसेल तर थाळी फिरते आणि काठाची नक्षी तिरकी दिसते.

गिरणारे_बंगला
नोंद केली. कडीची जागा मार्करने आधीच खूण करून नेतो.